मदत हवी आहे: मावशीच्या साठीला स्टोल, हातात १८ दिवस

लोकलविणकर
मावशीच्या साठाव्या वाढदिवसाला हाताने विणलेला स्टोल द्यायचा आहे. ४ प्लाय लोकर, १० नंबरच्या सुया, १०८ टाके, सगळ्या ओळी सुलट. मापं ४५ बाय १६० सेंमी. तीन दिवसांत २० ओळी झाल्या, जेमतेम चार सेंमी. वेळ मिळतो तो बोरिवली-चर्चगेट गाडीत बसायला मिळालं तर, रोज साधारण ४० मिनिटं. वेग मिनिटाला २० टाके. रात्री जागून होईल का? की टाके कमी करू?

उलटसुलट
जागून होणार नाही. या विणीत दहा सेंमीला ४८ ओळी बसतात. १६० सेंमीला ७६८ ओळी, गुणिले १०८, म्हणजे ८३ हजार टाके. तुमच्या वेगाने ६९ तास. हातात आहेत १२.

नुसते टाके कमी केलेत तर मफलर होईल, आणि मुंबईत लोकरीचा मफलर कपाटातच राहतो. धागा, सुई आणि वीण तिन्ही बदला. कॉटनचा मध्यम जाड धागा घ्या (५० ग्रॅमच्या गुंड्यात १०५ ते १२५ मीटर असतो तो), असे तीन गुंडे. लेबलवरचा डाय लॉट (एकदम रंगवलेल्या धाग्याचा नंबर) तिन्हींवर एकच हवा. सुया ६ नंबर, म्हणजे ५ मिमी. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते; तुमच्या १० नंबरच्या सव्वातीन मिमी आहेत.

मापही लहान करा, २५ बाय १३० सेंमी. ४५ टाके घाला, रुंदी २५ येईल. सहा ओळींची आवृत्ती अशी:

१ ते ४: सगळे सुलट.
५: सुलटच, पण सुईला धाग्याचा एकाऐवजी तीन वेढे द्या आणि तिन्ही एकदम ओढून घ्या.
६: प्रत्येक टाक्याचा एकच वेढा सुलट विणा, उरलेले दोन सुईवरून सोडून द्या.

ओळ संपली की काम दोन्ही हातांनी खाली ओढा, लांब टाके सारखे होतात. जाळी पडते, गरम होत नाही आणि सहा ओळींत दीड सेंमीऐवजी सव्वातीन सेंमी काम सरकतं. १३० सेंमीला ४० आवृत्त्या. एकीला सोळा मिनिटं धरा, पाचवी ओळ हळू होते म्हणून.

खांबसाखळी
क्रोशाने यापेक्षा लवकर होईल की. खांब (क्रोशाचा उंच टाका) घालत गेलं तर उंची भराभर वाढते.

उलटसुलट
वाढते, पण कॉटनमध्ये खांबांचं कापड ताठ होतं, खांद्यावर पडत नाही. पिशवी असती तर मीही क्रोशाच म्हटलं असतं.

लोकलविणकर
घरी नमुना केला. सहाव्या ओळीनंतर टाके ४५ ऐवजी ४७ भरले. शिवाय कडा आत ओढल्या जातायत.

सुईदोरा
दोन टाके वाढलेत म्हणजे एका टाक्याचे तीन वेढे तीन वेगळे टाके समजून विणले गेलेत. शोधायला सोपं आहे: त्या जागी लांब टाका नसून तीन आखूड दिसतील. तेवढेच सहाव्या ओळीचे तीन टाके सोडा आणि एकच विणून घ्या, सगळी ओळ उसवायची गरज नाही.

कड ओढली जाते कारण पहिल्या आणि शेवटच्या टाक्याला तुम्ही एकच वेढा देताय. तिथेही तीन द्या. सुरुवातीचे टाके घालताना एका नंबराने जाड, म्हणजे ५ नंबरची सुई वापरा, बंद करतानाही तीच. कॉटन ताणत नाही, घट्ट काठ पुढे सैल होत नाही.

गाडीसाठी लांब सरळ सुया नकोत, शेजारच्या बाईंच्या कोपरात जातात. ८० सेंमीची गोल सुई (दोन आखूड सुया, मधे लवचीक दोरी) घ्या आणि तिच्यावर गोल न विणता ओळ संपली की काम उलटवून परत विणा. बांबूची असली तर बरं, धातूच्या सुईवरून धक्क्याला टाके घसरतात. पाचवी आणि सहावी ओळ एका बैठकीत संपवा. अंधेरी गेली की पाचवी सुरू करा, दादर आलं की नको. वेढे सुईवर असताना सुई निसटली तर ती ओळ गेलीच. दर पाच आवृत्त्यांनी सहाव्या ओळीतून शिवणाचा रंगीत दोरा ओवून ठेवा. चूक झाली तर तिथपर्यंतच उसवायला लागेल.

उलटसुलट
आणि हिशेब १८ दिवसांचा नाही, १६ चा करा. रोज अडीच आवृत्त्या. शेवटचे दोन दिवस धुऊन वाळवायला लागतात, पावसाळा असेल तर पंख्याखालीही. गार पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. मग गादीवर चादर टाकून २५ बाय १३० ला ताणून टाचण्या लावा. जाळी या पायरीला उघडते, त्याआधी काम चुरगळलेलंच दिसणार, घाबरू नका.

नमुना तसाच धुऊन मोजा. आवृत्ती तीन सेंमीच भरली तर ४३ लागतील.

लोकलविणकर
धागा गडद लाल घेतलाय. रंग जाईल का?

सुईदोरा
ओला पांढरा रुमाल धाग्यावर घासून बघा. रंग लागला तर नमुना गार पाण्यात दोनतीनदा खंगाळा, पाणी स्वच्छ येत नसेल तर धागा बदला. टोकं लपवताना निदान तीन दिशांना फिरवा, कॉटनची टोकं सुळकन बाहेर येतात. आणि उरलेल्यातला दोनेक मीटर धागा भेटीबरोबरच द्या. एखादा लांब टाका कुठे अडकून तुटला की मावशींना तोच लागेल.