लीन आणलं, बोर्ड लागले, पण कन्सल्टंट गेल्यावर पहिले पाढे पंचावन्न. लोकांना बरोबर कसं घ्यायचं?

लाइन_दोन_इंजिनिअर:
नमस्कार मंडळी. मशीनिंगच्या युनिटमधे प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी मॅनेजमेंटने लीन (टोयोटाच्या पद्धतीवरून आलेलं, वेळ-माल वाया जाणं कमी करायचं तंत्र) करायचं ठरवलं, कन्सल्टंट आले, फाइव्ह एस (जागा स्वच्छ आणि वस्तू जागच्या जागी ठेवणं) झालं, जमिनीवर पिवळे पट्टे मारले, टूलच्या आकाराच्या खुणा काढलेले शॅडो बोर्ड लावले, प्रत्येक लाइनला अडचण आली की दाबायचं अँडनचं बटण आणि दिवा बसवला, सगळ्यांचं दोन-दोन दिवस ट्रेनिंगही झालं. कन्सल्टंट होते तोपर्यंत छान चाललं आणि ते गेल्यावर तीन महिन्यात सगळं होतं तसं.

आता परिस्थिती अशी आहे की रिजेक्शन रोज येतंय पण अँडनचं बटण दीड महिन्यात फक्त दोनदा दाबलं गेलंय. पुढच्या स्टेशनला लागेल तेवढंच बनवायचं म्हणून कानबान कार्ड लावलीत तरी ऑपरेटर मशीनच्या मागे क्रेटमधे ओके पीस साठवून ठेवतात. सूचनांची पेटी रिकामी. आमचे प्लँट हेड म्हणतात की लोकांची मानसिकताच नाही. मला हे पटत नाही कारण हीच माणसं ब्रेकडाउन झालं की रात्री दोन वाजेपर्यंत थांबून मशीन उभं करतात, कोणी सांगावं लागत नाही. मग अडतंय कुठे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज, पीपीटी आमच्याकडे भरपूर आहेत.

जुना_सुपरवायझर:
दीड महिन्यात दोनदा म्हणताय ना, मग आधी त्या दोन वेळी काय झालं ते शोधून काढा. कोण आलं, किती वेळात आलं आणि आल्याआल्या काय बोललं. मी सतरा वर्षं सुपरवायझर होतो. आमच्याकडे पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मीच धावत गेलो आणि विचारलं "कोणी थांबवली लाइन?" पोरगा नवीन होता, त्याला बोअरचा (भोकाचा) साइज वर सरकताना दिसला होता आणि त्याने केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. त्यानंतर चार महिने त्या लाइनवर बटणाला कोणी हात लावला नाही. ते माझ्या त्या एका वाक्यामुळे झालं हे मला फार उशिरा कळलं, आजही वाईट वाटतं.

अजून एक, बहुतेक ठिकाणी अँडन म्हणजे लाइन बंद करायचं बटण असं शिकवतात. टोयोटात दोरी ओढली किंवा बटण दाबलं की लाइन लगेच थांबत नाही. दिवा लागतो, आवाज होतो, टीम लीडर तिथे पोचतो आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जायच्या आत अडचण सुटली तर तो दोरी परत ओढतो, लाइन चालूच राहते. नाही सुटली तरच थांबते. म्हणजे ती मदतीची हाक आहे, आणि हाकेला ओ द्यायला माणूस जवळच ठेवलेला असतो, एका टीम लीडरकडे पाच-सात माणसं असतात बस. तुमच्याकडे एका सुपरवायझरकडे किती आहेत? चाळीस असतील तर बटण दाबून उपयोग काय, येणार कोण?

मुळात हा विचार साकिची टोयोडांच्या (टोयोटाच्या संस्थापकाचे वडील) १९२४ च्या कापड विणायच्या मागावरून आलाय, सूत तुटलं की तो माग आपोआप थांबायचा. थांबला म्हणून मागाला कोणी मेमो देत नव्हतं. माणसाला मात्र आपण देतो.

बी_शिफ्ट_ऑपरेटर:
मी रोज मशीनवर उभा असतो तर आमची बाजू सांगतो. क्रेट कशाला भरतो? इन्सर्ट (टूलचं बदलायचं कापणारं टोक) संपला की स्टोअरला चिठ्ठी, सही, मग अर्धा तास. मेंटेनन्सला फोन केला तर येतो येतो म्हणत तास जातो. पण शिफ्ट संपताना आकडा मात्र पूर्ण मागतात, तिथे अर्धा तास कोणी धरत नाही. म्हणून मागे पन्नास पीस असले की जीव शांत राहतो. तुम्ही क्रेट उचलून नेलेत तर आम्ही लॉकरमागे ठेवू, खरं सांगतोय. आधी इन्सर्ट वेळेत येईल असं करा, क्रेट आपोआप रिकामे होतील.

आणि सूचना का देत नाही तेही ऐका. आमच्या आधीच्या कंपनीत आम्ही चौघांनी डोकं लावून सेटिंगचा टाइम पन्नास मिनिटांवरून अठरावर आणला होता. काही फार नाही, पुढच्या जॉबचे जॉ, टूल, गेज मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर तयार ठेवायचे, आणि लांब बोल्टच्या जागी क्लॅम्प. फोटो काढले, टाळ्या झाल्या. पुढच्या महिन्यात त्या लाइनचा हेल्पर कमी केला, म्हणे आता गरज नाही. तो हेल्पर आमच्याबरोबर डबा खायचा हो. त्या दिवसानंतर तिथे कोणी एक सूचना दिली असेल तर सांगा. यात मानसिकता कुठे आली.

पीपीसी_ताई:
वरच्या दादांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मानसिकतेचा विषय निघाला की मी नेहमी नुम्मीचं उदाहरण देते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा प्लँट होता, १९८२ मधे बंद केला, गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, युनियन आणि मॅनेजमेंटचं कायम भांडण, लोक वाईट म्हणून बदनाम. १९८४ मधे तिथेच टोयोटा आणि जीएमनी (जनरल मोटर्स) मिळून नुम्मी नावाने काम सुरू केलं आणि माणसं बरीचशी तीच परत घेतली, युनियनही तीच. थोड्याच काळात गैरहजेरी एकदम खाली आली आणि क्वालिटी टोयोटाच्या जपानमधल्या प्लँटच्या जवळ पोचली. माणसं तीच होती, त्यांना वागवायची पद्धत बदलली होती. काही शे जणांना जपानला नेऊन तिथल्या लाइनवर काम करायला लावलं, दोरी ओढायचा अधिकार सगळ्यांना दिला, आणि करारात लिहून दिलं की कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय आणि आधी मॅनेजमेंटचे पगार कापल्याशिवाय कामगार कमी करणार नाही. नंतर गाड्यांचा खप पडला तेव्हा खरंच कोणाला काढलं नाही, जास्तीच्या लोकांना ट्रेनिंग आणि कायझेनला (छोट्या छोट्या सुधारणांना) लावलं. विश्वास तेव्हा बसतो, ट्रेनिंगच्या दोन दिवसात नाही.

टोयोटानेही हे ठेच लागून शिकलंय बरं का. १९५० मधे तिथे कामगार कपातीवरून मोठा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडांना राजीनामा द्यावा लागला.

एका बाबतीत मात्र दादांशी थोडी असहमत. फक्त इन्सर्ट वेळेत आणून क्रेट जाणार नाहीत, जोपर्यंत आम्ही प्लॅनिंगवाले प्रत्येक मशीनचं युटिलायझेशन (किती वेळ चालू राहिलं) वेगवेगळं मोजतोय तोपर्यंत. मशीन चालू ठेवलं की शाबासकी, मग पुढच्या स्टेशनला गरज असो नसो माल निघणारच. मी स्वतः हे रिपोर्ट बनवायचे. टोयोटाची ही पद्धत घडवणाऱ्या ताइची ओनोंनी सात प्रकारच्या वाया जाण्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं सगळ्यात वाईट धरलं कारण बाकीचे दोष त्याच्याखाली झाकले जातात. तुमच्या क्रेटखाली नेमकं तेच झाकलं जातंय, इन्सर्टचा उशीर कोणाला दिसतच नाहीये कारण माल तर निघतोय. आमच्याकडे एका सेलपुरतं (मशीनच्या एका गटापुरतं) मशीनचं युटिलायझेशन बोर्डवरून काढलं आणि तासागणिक ठरलेले किती, झालेले किती आणि फरक का, एवढंच ठेवलं. पहिले तीन आठवडे "का" चा रकाना कोरा होता. मग मेंटेनन्सचा हेड स्वतः रोज अकराला बोर्डपाशी उभा राहून तो रकाना वाचायला लागला, तेव्हा लोक लिहायला लागले, आणि काय काय लिहिलं होतं, वर्षानुवर्षं कोणी विचारलंच नव्हतं त्यांना.

लाइन_दोन_इंजिनिअर:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुने सुपरवायझर सरांनी सांगितलं तसं जाऊन विचारलं. पहिल्या वेळी बटण दाबल्यावर पंचवीस मिनिटं कोणीच आलं नाही, ऑपरेटरने स्वतःच परत बंद केलं. दुसऱ्या वेळी शिफ्ट मीटिंगमधे सगळ्यांसमोर त्याच्याकडून लेखी खुलासा घेतला होता, आणि मला हे आज कळतंय, मी त्याच मीटिंगमधे पाठीमागे उभा होतो. त्या ऑपरेटरला भेटून मी माफी मागितली, तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

आता लाइन दोनच्या शेवटच्या सेलवरच सुरू करतोय. एका अनुभवी सेटरला टार्गेटमधून मोकळा करून फक्त दिव्याला जाण्यासाठी ठेवायचं प्लँट हेडनी दोन महिन्यांसाठी मान्य केलंय, त्यासाठी बरंच भांडावं लागलं. इन्सर्टसाठी सेलजवळच छोटं कपाट, सही नाही, दोन खणांची पद्धत, एक खण रिकामा झाला की स्टोअरचा माणूस भरून जाईल. बी शिफ्ट दादा, एक विचारायचंय. सुधारणेमुळे कोणाचंही काम जाणार नाही असं प्लँट हेड तोंडी म्हणालेत, ते मी लोकांना सांगितलं तर चालेल का?

बी_शिफ्ट_ऑपरेटर:
तोंडी नको साहेब. आमच्याकडेही तोंडीच होतं. कागदावर, साहेबांची सही, टाइम ऑफिसच्या बाजूला लावा जिथे पंचिंग करताना सगळे बघतात. आणि ज्याच्याकडून खुलासा घेतला तो कागद त्याच्या फाइलमधून काढून त्याच्या हातात द्या, त्याच मीटिंगमधे, सगळ्यांसमोर.