जुन्या स्मार्ट टीव्हीला वायरलेस कीबोर्ड जोडता येतो का?

मिरजकर७
घरी २०१४ चा स्मार्ट टीव्ही आहे. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते घरातच असतात आणि दिवसभर यूट्यूबवर नाट्यसंगीत नाहीतर कीर्तन लावतात, पण हात थरथरतात त्यामुळे रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर गाठून नुसतं "बालगंधर्व" लिहायचं तरी पाच मिनिटं जातात, मधेच चुकीचं बटण दाबलं की परत पहिल्यापासून. बघवत नाही हो. म्हणून ब्लूटूथ कीबोर्ड आणला. मोबाईलला लगेच जोडला जातो, पण टीव्हीच्या यादीत येतच नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ आहे, तरी असं का?

सोल्डरगन
दादा, कीबोर्ड चांगला आहे, कारण मोबाईलला चालतोय. त्या काळच्या बऱ्याच टीव्हींमध्ये ब्लूटूथ फक्त हेडफोन, साउंडबार नाहीतर कंपनीच्याच रिमोटसाठी दिलेलं असायचं, कीबोर्ड-माऊससाठी टीव्हीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी सोय लागते, ती नसली की यादीत नावच येत नाही. कितीही वेळा पेअरिंगचं बटण दाबा.
डोंगलवाला कीबोर्ड बघा, २.४ गिगाहर्ट्झचा. डोंगल म्हणजे कीबोर्डसोबत येणारा पेनड्राईव्हसारखा छोटा तुकडा, तो यूएसबीत खोचला की टीव्हीला तो साधा वायरचा कीबोर्डच वाटतो, पेअरिंग वगैरे काही नाही. पण विकत घेण्याआधी कुणाकडचा तरी कॉम्प्युटरचा वायरवाला कीबोर्ड आणून लावून बघा!! तो चालला तर डोंगलवालाही बहुतेक चालेल, नाही चालला तर पैसे वाचले. काही टीव्हींचे यूएसबी फक्त पेनड्राईव्ह वाचतात आणि एखाद्या पोर्टवर "सर्व्हिस" लिहिलेलं असतं, ते सोडून दुसऱ्यात लावा.

चिपळूणची_मेधा
माझ्याकडे डोंगलवाला आहे, टचपॅडसकट. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये मस्त चालतो पण यूट्यूबच्या ॲपमध्ये फक्त बाण आणि एंटर चालतात, अक्षरं उमटत नाहीत. त्यामुळे वायरचा लावून बघाल तेव्हा यूट्यूबच्या सर्चमध्येच टाईप करून बघा, नुसत्या ब्राउझरवर विसंबू नका.
आणि खरं सांगू का, बाबांसाठी कीबोर्डपेक्षा मोबाईल सोपा पडेल. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये टीव्ही कोडने लिंक करायचा पर्याय असतो, तो कोड मोबाईलच्या यूट्यूबमध्ये "टीव्हीवर पहा" मध्ये टाकायचा. मग बाबा मोबाईलवर मराठीत बोलून शोधतील आणि गाणं टीव्हीवर लागेल. जुन्या टीव्हीत मराठी टायपिंग बहुतेक नसतंच, कीबोर्ड लावला तरी इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागणार.

मिरजकर७
शेजारच्या मुलाचा वायरवाला कीबोर्ड लावला. मेधाताई म्हणाल्या तसंच, ब्राउझरमध्ये अक्षरं येतात, यूट्यूबमध्ये नाहीत. बरं झालं आधी विचारलं, नाहीतर अजून एक कीबोर्ड घेऊन बसलो असतो. रात्री कोड टाकून बघतो.

सोल्डरगन
कोडने नाही जमलं तर एचडीएमआयला अँड्रॉइड बॉक्स किंवा स्टिक लावा, मग तुमचा आहे तोच ब्लूटूथ कीबोर्ड त्याला जोडा, टीव्ही जुना असला तरी फरक पडत नाही कारण काम सगळं बॉक्स करतो. फक्त स्टिकची वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका, जुन्या पोर्टमधून साधारण अर्धा अँपियरच मिळतो आणि स्टिक मधेच बंद पडून परत चालू होत राहते, सोबत आलेला ॲडॅप्टरच लावा.

मिरजकर७
कोडने जमलं! जोडून मी दिलं, पण त्यानंतर बाबांनी मोबाईलच्या माईकवर "बालगंधर्व नाट्यगीतं" म्हटलं आणि टीव्हीवर यादी आली, हाताला काही कामच नाही. आत्ता तिसरं पद चालू आहे. ब्लूटूथ कीबोर्ड बहिणीच्या टॅबला लावून दिला. दोघांचे मनापासून आभार.

चिपळूणची_मेधा
वा, छान वाटलं वाचून. कधी टीव्ही सापडत नाही असं आलं तर टीव्हीवर यूट्यूब उघडून ठेवा आणि परत नवीन कोड टाका, माझ्याकडे एकदा तसं झालं होतं.