सल्ला हवा: ग्राफक्यूएल इंट्रोस्पेक्शनवरून बुकिंगचा फॉर्म

म्हापसेकर: पणजीतल्या होमस्टेसाठी बुकिंगचा फॉर्म करतोय. बॅकएंड ग्राफक्यूएलवर (सर्व्हरकडे डेटा मागायची भाषा) आहे. इंट्रोस्पेक्शनने, म्हणजे सर्व्हरलाच त्याचा स्कीमा (टाइप आणि फील्डची रचना) विचारून, 'बुकिंगइनपुट' हा इनपुट टाइप वाचून रकाने आपोआप यायला हवेत. '__टाइप' विचारलं की 'फील्ड्स' नल (रिकामं) येतं, 'बुकिंग' या आउटपुट टाइपला मात्र बरोबर येतं. टूल फुकट हवं, शुक्रवारपर्यंत.

फोंडा_बॅकएंड: 'फील्ड्स' फक्त ऑब्जेक्ट आणि इंटरफेसला असतं. इनपुट ऑब्जेक्टला 'इनपुटफील्ड्स', एनमला (ठरलेल्या पर्यायांची यादी) 'एनमव्हॅल्यूज', युनियनला (अनेक टाइपांपैकी एक) 'पॉसिबलटाइप्स'. आधी 'काइंड' (टाइप कोणत्या प्रकारचा ते) बघा, मग पुढचं मागा. स्केलर (आकडा, मजकूर अशी साधी मूल्यं) आणि एनम इनपुट-आउटपुट दोन्हीकडे चालतात, आउटपुटचा ऑब्जेक्ट इनपुटला देता येत नाही.

मडगावचो: पोस्टमनचं (एपीआय तपासायचं सॉफ्टवेअर) टीम लायसन्स घ्या. स्कीमा समोर दिसतो, डोकेदुखी नाही.

म्हापसेकर: फुकट म्हटलंय बाब. 'इनपुटफील्ड्स' आले, पण 'गेस्ट्स' रकान्याच्या टाइपचं नाव नल आहे.

फोंडा_बॅकएंड: नॉन-नल (रिकामं चालत नाही) आणि लिस्ट (यादी) हे नुसते वेष्टन, त्यांना नाव नसतं. '[गेस्टइनपुट!]!' म्हणजे नॉन-नल, आत लिस्ट, आत पुन्हा नॉन-नल, मग इनपुट ऑब्जेक्ट. म्हणजे 'ऑफटाइप' तीनदा आत जायला हवं. फ्रॅगमेंट (क्वेरीचा पुन्हा वापरायचा तुकडा) स्वतःलाच बोलावू शकत नाही, म्हणून तेवढ्या वेळा लिहावंच लागतं. त्यापेक्षा ग्राफक्यूएल-जेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीमधलं 'गेटइंट्रोस्पेक्शनक्वेरी' घ्या आणि उत्तर 'बिल्डक्लायंटस्कीमा'ला द्या.

वास्को_देवऑप्स: प्रॉडक्शनला (लोक वापरतात त्या सर्व्हरवर) इंट्रोस्पेक्शन चालू ठेवूच नका. अपोलो सर्व्हर (ग्राफक्यूएल सर्व्हरची लायब्ररी) तिथे ते आपणहून बंद ठेवतो.

डिचोली: बंद केल्याने लपत नाही. चुकीचं फील्ड टाका, सर्व्हर 'हे म्हणायचं होतं का' म्हणून खरं नाव सुचवतो. परवानग्या रिझॉल्व्हरमध्येच (फील्डचं उत्तर काढणारं फंक्शन) तपासा.

वास्को_देवऑप्स: मग सुचवणंही बंद करा. दार उघडं ठेवायचं कशाला?

मडगावचो: 'इनपुटफील्ड्स' वापरा, 'फील्ड्स' नको.

डिचोली: ते वर झालंय. फॉर्म खरा अडतो तो 'डिफॉल्टव्हॅल्यू'वर. ती असली तर नेहमी स्ट्रिंग म्हणून येते आणि आत ग्राफक्यूएलचं लिखाण असतं, जेसन नव्हे. एनमला अवतरणचिन्ह नसतं, ऑब्जेक्टच्या कीलाही नसतं, त्यामुळे 'जेसन.पार्स' फुटतं. ग्राफक्यूएल-जेएसमधलंच 'पार्सव्हॅल्यू' वापरा. रकाना सक्तीचा कधी? बाहेरचा थर नॉन-नल आणि डिफॉल्ट नल, दोन्ही असेल तेव्हाच. कस्टम स्केलरचं तर फक्त नाव आणि वर्णन मिळतं, फार तर 'स्पेसिफाइडबाययूआरएल'. 'डेट'चा साचा बॅकएंडला विचारूनच घ्या.

फोंडा_बॅकएंड: शिवाय इनपुट टाइप स्वतःलाच बोलावत असेल तर रकाने काढणारा कोड फिरत राहील. खोलीला मर्यादा घाला.

म्हापसेकर: रकान्यांची मराठी-कोंकणी लेबलं बॅकएंडवाल्यांनी '@लेबल' डायरेक्टिव्हमध्ये (स्कीमात फील्डला लावायची खूण) ठेवलीत. ती कुठे येतात?

डिचोली: येत नाहीत. डायरेक्टिव्हची व्याख्या दिसते, कुठल्या फील्डवर काय लावलंय ते नाही. वर्णनात हलवा, 'डिस्क्रिप्शन' येतं.

फोंडा_बॅकएंड: सहमत. वर्णनात टाका, इंट्रोस्पेक्शन सोडू नका.

म्हापसेकर: वर्णन डेव्हलपरांसाठी आहे, लेबलं तिथे नकोत. इंट्रोस्पेक्शनच सोडतो. बॅकएंडकडून एसडीएल (स्कीमा लिहायची भाषा) फाइल घेऊन 'बिल्डस्कीमा'ने वाचेन.

डिचोली: मग लेबल फील्डच्या 'एएसटीनोड'मधल्या (फाइलमधल्या मूळ लिखाणाची नोंद) 'डायरेक्टिव्ह्ज'मध्ये मिळेल. फाइल प्रत्येक रिलीजला नवी घ्या, नाहीतर सर्व्हर एक मागेल आणि फॉर्म दुसरंच पाठवेल.