गर्दीशुल्काला विरोध करताना गरिबांना पुढे करू नका

पादचारी: कालच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं, ‘गर्दीशुल्क म्हणजे पैसेवाल्यांना रस्ता मोकळा करून देणं’, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. डोकं उठलं, म्हणून हा वेगळा धागा. शहराच्या गजबजलेल्या भागात गाडी आणायची तर पैसे मोजा, एवढंच हे शुल्क. बसच्या दारात लोंबकळणाऱ्याकडे गाडी नसतेच. एकेकटा माणूस बसलेल्या गाड्यांच्या रांगेत त्याची बस अडकते, तेव्हा कुठे जातो तुमचा कळवळा? स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने शुल्क लावून पाहिलं. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. आधी नाकं मुरडणाऱ्या शहराने त्याच वर्षी सार्वमतात होकार दिला.

स्टेअरिंग: अर्धवट सांगू नका. होकार शहराचा. आसपासच्या ज्या नगरपालिकांनी मतदान घेतलं, तिथे बहुतेक ठिकाणी ‘नको’च आलं. रोज पैसे मोजणार बाहेरचे आणि मत धरलं आतल्यांचं! एडिनबरात २००५ मध्ये, मँचेस्टरमध्ये २००८ मध्ये लोकांनी साफ झिडकारलं, ते नाही आठवत?

पादचारी: तिथे योजना कागदावरच होती, अनुभव कुणाला होता? स्टॉकहोमने आधी बस वाढवल्या, मग पैसे मागितले.

वळणवाट: अनुभवाचं मी सांगते. आईला डायलिसिसला न्यायचं असतं. ती व्हीलचेअरवर, बसची पायरी गुडघ्याएवढी, मागचे लोक ‘लवकर चढा’ म्हणून ओरडतात. गाडी आमची चैन नाही.

पादचारी: ताई, लंडनमध्ये असं शुल्क आहे, पण ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांना मिळणारं पार्किंगचं ओळखपत्र, असलेल्यांना त्यात पूर्ण सूट आहे.

वळणवाट: सूट आहे, मान्य. पण आधी नोंदणी करा, कागद जोडा. आजारी माणसाच्या घरात त्याला वेळ कुणाकडे असतो?

जुना चालक: शुल्काचं राहू द्या, रस्त्यावर फुकट उभ्या गाड्या आधी हलवा. आमच्या गल्लीत एक गाडी कव्हर घालून पडून आहे. टायर बसलेत, खाली कचरा साचलाय. मालकाला विचारलं तर अंगावर आला.

स्टेअरिंग: गाडी घेताना कर, इंधनावर कर, आता उभी करायलाही पैसे? गाडीवाला काय दुभती गाय आहे?

जुना चालक: कर भरला म्हणून रस्ता नावावर होत नाही!

पादचारी: पार्किंगचा वेगळा धागा काढा.

जुना चालक: का म्हणून? जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्यांनीच निम्मा वैताग आणलाय.

स्टेअरिंग: घिरट्यांचं खरं आहे, नाही म्हणत नाही. मग पार्किंगचेच पैसे घ्या, आत यायचे सोडा. दोन्ही चालणार नाही.

पादचारी: आणि नुसता आरपार जाणारा? तो कुठे गाडी लावतच नाही.

स्टेअरिंग: त्याला बाहेरून रस्ता द्या, मग पैशाचं बोला.