आचारसंहितेतली रिकामी जागा

अनेकांनी मिळून लिहायच्या ओपन सोर्स (सर्वांना खुल्या) सॉफ्टवेअर प्रकल्पात एकमेकांशी कसं वागायचं याचे नियम, म्हणजे आचारसंहिता, कधी करायची? 'आधी कोड चालू दे, आचारसंहिता लोक जमल्यावर बघू' असं काही जण म्हणतात. हे मत मला पटत नाही. भांडण पेटल्यावर केलेला नियम कुणा एकाविरुद्धच केल्यासारखा वाटतो, मग तो कितीही रास्त असो. २०१४ सालापासूनचा 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट' या तयार आचारसंहितेचा मसुदा बरेच जण उचलतात, ते ठीकच.

पण त्यात तक्रार कुठे करायची ही जागा चौकटी कंसात मोकळी असते, ती आपणच भरायची. आमच्या प्रकल्पात ती सहा महिने तशीच राहिली. एका नव्या मुलीला रिव्ह्यूमध्ये, म्हणजे तिचा कोड इतरांनी तपासताना, कुणीतरी फार लागेल असं बोललं. कुणाला लिहायचं तेच तिला कळेना, आणि ती निघून गेली. आता तिथे दोघांचे ईमेल आहेत. दोघांचे अशासाठी, की तक्रार त्यांच्यातल्याच एकाबद्दल असू शकते.