दोन ३०६० ग्राफिक्स कार्डं बसवायचीत, मदरबोर्ड बदलू का?

पैंजणवाला
हुपरीच्या चांदी कारखानदारांसाठी पैंजण-जोडव्यांची डिझाइनं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतो आणि त्यातल्याच सायकल्स इंजिनवर रेंडर (तयार चित्रं) काढून देतो. काम मंगळवार पेठेतल्या घरातूनच. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी). दिवाळीच्या ऑर्डरी आल्या म्हणून दुसरं ३०६० जुनं घेतलं.

बोर्ड घेताना दुकानदार म्हणाला होता, "दोन्ही स्लॉट सोळाचेच." खालच्या स्लॉटात कार्ड बसलं, पण जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) तिथं ४ लेन (डेटाच्या वाटा) आणि २.० (जुनी, संथ पिढी) दाखवतंय. वरचं कार्ड ८४ डिग्रीवर. दोन कार्डांच्या मधे करंगळी जात नाही. पंखे असे ओरडतात की आई आतून विचारते, मिक्सर कुणी लावलाय?

बोर्डासाठी वीस हजार काढलेत. एक्स५७० बोर्ड बघू की सरळ एएम५ या नव्या सॉकेटवर जाऊ? आणि दोन्ही कार्डांची मेमरी १२ नि १२ मिळून २४ जीबी होते ना?

उद्यमनगरी
भावा, मोबाईलची बॅटरी लावून खालच्या स्लॉटात बघ. सोनेरी पिना पुढच्या थोड्या भागातच दिसतील, मागं नुसतं प्लास्टिक. लांबी सोळाची, तारा चारच्या. दुकानदार खोटं बोलला न्हाई, अर्धं बोलला.

तुझ्या प्रोसेसरच्या २४ लेन. १६ ग्राफिक्सला, ४ एनव्हीएमई एसएसडीला, ४ चिपसेटला (बोर्डावरची मदतनीस चिप). बी४५० त्या १६ फोडत न्हाई, खालचा स्लॉट चिपसेटवर चालतो. मॅन्युअलमधे ८ + ८ (दोन्ही स्लॉटला आठ-आठ लेन) असं स्पष्ट लिहिलेला बोर्ड पाहिजे. असूसचा प्रोआर्ट बी५५० क्रिएटर तसा हाय, एक्स५७० मधलेही बरेच. ३६०० तोच चालंल. एएम५ घेतलास तर रॅम पण डीडीआर५ लागंल, वीस हजारात कुठं बसतंय?

२४ जीबी विसर. ३०६० ला एनव्हीलिंकच (दोन कार्डं थेट जोडायची सोय) न्हाई. अख्खा सीन दोन्ही कार्डांत वेगवेगळा चढतो.

रंकाळा_रेंडर
थांबा, पैसे घालवू नका. सायकल्स सीन एकदा कार्डात चढवतं, मग तिथल्या तिथंच हिशोब चालतो. चार लेननं चढायला जरा वेळ लागेल, बास. एकच कार्ड आधी वर, मग खाली लावून तीच फ्रेम काढून बघा. लांबलचक अॅनिमेशनच्या हलक्या फ्रेम असतील तर दर फ्रेमला चढवणं आलं, मग गोष्ट वेगळी.

पैंजणवाला
काढली. घुंगरांचं जाळं असलेली जड फ्रेम. वर ६ मिनिटं १० सेकंद, खाली ६ मिनिटं १९. नऊ सेकंदांसाठी मी वीस हजार घालणार होतो!

रंकाळा_रेंडर
मग दुखणं गरमीचं आहे. कार्डं किती जाड आहेत?

पैंजणवाला
आधीचं अडीच स्लॉटचं, तेच वर आहे. आत्ता घेतलेलं दोनचं.

रंकाळा_रेंडर
अदलाबदल करा. वरच्या कार्डाचे पंखे खाली तोंड करून असतात आणि खालच्या कार्डाच्या पाठीला चिकटून हवा ओढतात. एक स्लॉट म्हणजे साधारण २० मिलिमीटर, अर्धा वाचला तरी सेंटीमीटरभर फट मिळते. मॉनिटरची वायर वरच्या कार्डाला लावा.

उद्यमनगरी
हे खरं. मी बोर्डातच अडकलो. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) किती वॅटचा? दोन कार्डांचे १७० प्रमाणे ३४० वॅट तिथंच गेले. यूपीएस ६०० व्हीएचा (व्हीएपेक्षा वॅट कमीच मिळतात) असला तर लाईट गेली की रेंडरसकट बसंल.

पैंजणवाला
एसएमपीएस ७५० चा आहे. कार्डं बदलली, बाजूचं पॅनेल लावूनच चालवलं, वरचं ७५ वर थांबलं. बोटही जातंय आता मधे. यूपीएस मात्र ६०० चाच निघाला. काढलेले पैसे तिकडं वळवतो. रंकाळादादा, किती व्हीएचा घेऊ?