सेट, पीएचडी, आठ वर्षं सीएचबी (तासावर प्राध्यापकी), आणि आता वडील जमीन विकायला निघालेत. सल्ला हवा आहे

नऊ_तासिका:

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या, ४८ मिनिटं बोलायची सवय लागली आहे.

आधी माझी कागदपत्रं. एम.ए. अर्थशास्त्र, २०१६ ला सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा), २०२२ ला पीएचडी. येत्या ऑगस्टमध्ये वयाची ३७ पूर्ण होतील. खुला प्रवर्ग. बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात जून २०१८ पासून तासिका तत्त्वावर शिकवतो. विभागातले एक सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. त्यांचा कार्यभार आम्हा दोघांत वाटला, आठवड्याला नऊ-नऊ तासिका. दर वर्षी नव्यानं जाहिरात, नव्यानं मुलाखत, नव्यानं नेमणूक. मुलाखत घेणाऱ्यांना माझं नाव पाठ आहे, तरी "स्वतःविषयी सांगा" हा प्रश्न असतोच.

आता पैसे. पदवीच्या वर्गाला तासाला ९०० रुपये मिळतात. २०२३ मध्ये ६२५ चे ९०० झाले तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते (पेढे मीच आणले, तेही उधारीवर). नऊ तासिका गुणिले चार आठवडे, म्हणजे कागदावर महिना बत्तीस हजार. पण परीक्षा लागल्या की तास नाहीत. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, स्नेहसंमेलन, निवडणुकीला कॉलेज दिलं की तास नाहीत. गेल्या वर्षी माझ्या बिलावर १९० तास भरले. १,७१,००० रुपये. बाराने भागले की महिना १४,२५०. तेही महिन्याला येत नाहीत. बिल विभागप्रमुखांकडून प्राचार्यांकडे, तिथून सहसंचालक कार्यालयात, आणि जूनपासून शिकवलेल्याचे पैसे फेब्रुवारीत एकदम. तोवर किराणा दुकानदाराला मी पीएचडी आहे हे सांगून उपयोग नसतो.

शेजारच्या टेबलावरचे सर नेट (तीच पात्रता परीक्षा, देशपातळीवरची) आहेत, पीएचडी नाहीत. कायम आहेत. मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू झालं, भत्ते धरून नव्वद हजारांच्या वर गेलं. माणूस चांगला आहे, माझी अडचण ओळखून दोनदा पैसेही दिले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आम्ही एकच पुस्तक, एकाच वर्गात, एकाच खडूनं शिकवतो. नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलींचं काम तर माझ्याकडे जास्त असतं, कारण मला टायपिंग येतं. वहिनी बारावीनंतर डीएड करून २०१० ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. तिचा पगार आज माझ्या चार-पाच पट आहे. घरात कुणी टोमणा मारत नाही, आणि तेच जास्त लागतं.

पीएचडीचा विषय ऊसतोड मजुरांची मजुरी आणि उचल. केज-धारूर भागातल्या तांड्यांवर फिरलो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, टनावर पैसे, आणि हंगामाआधी मुकादमाकडून उचल. एका मुकादमानं माझी प्रश्नावली भरून झाल्यावर मलाच विचारलं, "सर, तुम्हाला किती पडतात?" मी तासाचा दर सांगितला. त्यानं विचारलं, "आन उचल?" म्हटलं, उचल नाही. वर्षाच्या शेवटी सगळे एकदम. तो बायकोकडं बघून म्हणाला, "मंग जाता कशाला?" हा प्रसंग प्रबंधात घालता आला नाही.

आता खरा प्रश्न. जवळच्या तालुक्यातल्या एका संस्थेत आमच्या विषयाची कायम जागा निघणार आहे, जागा भरायला शासनाची नाहरकत आली आहे म्हणतात. मध्यस्थ घरी येऊन वडिलांना भेटून गेला. देणगी हा शब्द त्यानं वापरला नाही. "संस्थेचं नवीन बांधकाम चालूय," एवढंच म्हणाला, आणि पंचेचाळीस हा आकडा सांगितला. पंचेचाळीस म्हणजे हजार नव्हेत. वडिलांनी मला न विचारता विहिरीखालची दोन एकर विकायला काढली आहे. त्यातून वीस-पंचवीस येतील, उरलेले कर्ज.

दुसरा रस्ता: पुण्यातल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधून बोलावणं आहे. अर्थशास्त्राचे तास घ्यायचे, सराव प्रश्न काढायचे, ३५ हजार महिना. लेखी काही नाही. तिसरा रस्ता: बीएड करून कनिष्ठ महाविद्यालय किंवा शाळा. चौथा: आहे तिथंच राहून जाहिरातींची वाट बघणं.

मला हवं ते असं. बाहेर पडलो तर अध्यापनाचा अनुभव खंडित होऊन पुढे प्राध्यापकपदाला नुकसान होईल का? ३७ व्या वर्षी बीएडला अर्थ आहे का? आणि वडिलांना कसं थांबवू? "शिक्षणाचा अर्थ पैसा नव्हे" हे कृपया नको. ते मी वर्गात सांगतो.

———

मधली_सुट्टी:

सर, मी पण सीएचबी, नऊ वर्षं, मराठी. तुमचं बिल फेब्रुवारीत येतं? नशीबवान आहात. आमचं गेल्या वर्षीचं गुढीपाडव्यानंतर आलं.

अनुभवाबद्दल सांगते, कारण ह्याच भीतीनं मी तीन वर्षं वाया घालवली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला बोलावण्यासाठी गुणांचा तक्ता आहे. पीएचडीला २५. नेट जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) १०, नुसती नेट ८, सेट ५. अध्यापन अनुभवाला वर्षाला २, आणि जास्तीत जास्त १०. म्हणजे पाच वर्षांत ते दहा भरतात. तुमची आठ झाली. सीएचबी धरली तर दहा पूर्ण आहेत, आणि धरलीच नाही तर नववं वर्ष करूनही शून्यच. नववं वर्ष तुम्ही नेमकं कशासाठी करताय? त्यात हे गुण फक्त मुलाखतीच्या यादीपर्यंत चालतात. पुढची निवड मुलाखतीवर.

त्या तक्त्यात वाढवता येण्यासारखं काय उरलं? सेटचे ५ आहेत, नेट काढली तर ८ होतील. त्या तीन गुणांसाठी पुन्हा अभ्यास करायचा की नाही ते तुम्ही बघा. मी केला, झाली नाही.

बाकी तेच यूजीसी २०१९ मध्ये म्हणालं होतं की अतिथी अध्यापकाला तासिकेला १,५०० द्या, महिन्याला कमाल ५० हजार. तो कागद मी प्रिंट काढून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

———

बांधावरून:

दोन एकर विहिरीखालची विकू नका राव. बाकीचं मला कळत नाही.

———

वकिली_कोट:

वडिलांना थांबवायला भावनेपेक्षा कायदा बरा. अनुदानित शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत लोकसेवक ठरतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तरच बचाव. म्हणजे उद्या प्रकरण फुटलं तर मध्यस्थ कुठंतरी गायब आणि तुम्ही नोकरीसकट आरोपी. लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४. तक्रार करा असा आग्रह मी धरत नाही, गावात राहायचं तुम्हाला आहे. पण पैसे मात्र देऊ नका.

आणि व्यवहार म्हणून बघा. पावती नाही. जाहिरात रद्द झाली, बिंदुनामावलीवर (आरक्षणाच्या जागांच्या क्रमावर) आक्षेप आला, कुणी कोर्टात गेलं, विद्यापीठानं मान्यता अडवली, तर पैसे कुणाकडं मागणार? माझ्याकडं असे दोघं येऊन बसलेत. दोघांनाही मी हेच सांगितलं की ह्यात दावा लावता येत नाही. एकाची आई बाहेर बाकावर बसून होती, तिनं शेवटी विचारलं, "जमीन तरी परत मिळंल का?"

———

हिशेबी_माणूस:

पंचेचाळीस लाख सात टक्क्यांनी ठेवीत टाकले तर वर्षाला ३,१५,०००, महिन्याला २६,२५०. म्हणजे लाच न देता नुसतं घरी बसलं तर आत्ताच्या जवळपास दुप्पट. :)

———

नऊ_तासिका:

हिशेब बरोबर आहे, पण पंचेचाळीस आहेत कुठं? वीस लाखांची जमीन आणि पंचवीस लाखांचं कर्ज. कर्जाच्या व्याजाचं गणित मी वडिलांना मांडून दाखवलं होतं. ते म्हणाले, "तुझी गणितं खरी असती तर तू असा फिरला नसतास." ह्यावर काय बोलणार.

मधली_सुट्टी ताई, नवव्या वर्षाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. गेली दोन वर्षं मी फक्त अनुभव तुटू नये म्हणून जातोय.

———

खडू_फळा:

बीएडचं मी सांगतो, शाळेत आहे. दोन वर्षांचा कोर्स, आधी सीईटी. तुमचं पूर्ण होईपर्यंत ३९ लागेल. शिक्षक भरतीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८. इथंच विषय संपतो. आणि वय बसलं असतं तरी भरती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. ती चाचणी २०१७ ला झाली, त्यानंतर थेट २०२३ ला, मग २०२५ ला. मधल्या सहा वर्षांत माझे किती मित्र वयातून बाहेर गेले ते मोजायचं सोडून दिलं. लागलात तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पगार नाही, ठरावीक मानधन; उच्च माध्यमिकला महिना २० हजार. हे २०२३ च्या वाढीनंतरचं, त्याआधी ९ हजार होते.

वहिनींशी तुलना करू नका. त्यांना पगार डीएडचा मिळत नाही, मंजूर पदाचा मिळतो. २०१० ला पद होतं. तुम्हाला पीएचडी होईपर्यंत पदच राहिलं नाही.

———

पेठेतला_पाहुणा:

क्लासच्या बाजूनं लिहितो. मी पुण्यात सहा वर्षं असेच तास घेतो, पीएचडी अर्धवट. पैसे वेळेवर येतात, पण सगळं मुलांच्या गर्दीवर. जाहिरात लांबली, परीक्षा पुढं गेली की प्रवेश आटतात आणि पहिली कात्री आपल्याला लागते. ३५ हजार बोललेत तर पुढचं आधी विचारून घ्या: किती तास, व्हिडिओ रेकॉर्ड करणार का, आणि केले तर ते कुणाचे. माझे ११० व्हिडिओ एका क्लासनं मी सोडल्यावरही दोन वर्षं विकले. आता मी रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे लावतो. "लेखी काही नाही" हे चालवून घेऊ नका. साधा ईमेल तरी मागा.

आणि तुमच्या प्रबंधाचा विषय इथं कुणी मनावर घेतला नाही म्हणून सांगतो. ऊसतोड, स्थलांतर, शेतमजुरी ह्यावर काम करणाऱ्या सामाजिक संस्थांना आणि सर्वेक्षणं करणाऱ्यांना तांड्यावर जाऊन बोलता येणारी माणसं लागतात. प्रश्नावली तयार करणं, भरून घेणं, तक्ते काढून अहवाल लिहिणं हे तुम्ही केलेलं आहे. बायोडेटात पदव्या खाली टाका. किती गावं, किती कुटुंबं, किती महिने फिरलात ते वर लिहा. प्राध्यापकी पद्धतीचा सहा पानी बायोडेटा पाठवलात तर कुणी उघडणार नाही. माझा कुणी उघडला नव्हता.

———

मधली_सुट्टी:

+१. आणि पुण्यात आलात तर गोखले संस्थेच्या ग्रंथालयात जाऊन या. माझा विषय वेगळा असूनही मी तिथं बसले आहे. मन लागतं.

———

नऊ_तासिका:

सगळ्यांचे आभार. गोखलेमध्ये पीएचडीच्या वेळी पंधरा दिवस बसलो होतो, धनंजयराव गाडगीळांच्या नावाचं ग्रंथालय. दुपारचा डबा बाहेर झाडाखाली खायचो.

काय झालं ते सांगतो. वकिली_कोट यांचा प्रतिसाद वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. सात वर्षांच्या शिक्षेनं ते हलले नाहीत. "पावती नाही" ह्यावर मात्र थांबले. त्यांनी आयुष्यात बैलसुद्धा पावतीशिवाय घेतला नाही. काल मध्यस्थाचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "पावती देणार का?" पलीकडून हसण्याचा आवाज मला इथवर आला. नंतर वडील काही बोलले नाहीत, मोटार चालू करायला निघून गेले. जमिनीचं गिऱ्हाईक रविवारी येणार होतं, त्याला अजून नको म्हटलेलं नाही. पण या म्हणून फोनही केलेला नाही.

बीएड रद्द. क्लासवाल्यांना ईमेल मागितला, त्यांनी तास आठवड्याला २४ सांगितले. तीन महिने करून बघतो, जुलैच्या सीएचबी मुलाखतीला जाणार नाही. बायोडेटा दोन पानांवर आणला आहे. ४१२ कुटुंबं, १९ गावं, हे पहिल्या ओळीत टाकलं. पेठेतला_पाहुणा, तुम्हाला निरोप पाठवला आहे, एकदा नजर टाकाल का?

आणि एक: पुण्यात कॉट बेसिसवर राहायला ह्या वयाच्या माणसाला कुणी घेतं का? चौकशी केली तिथं सगळीकडं "विद्यार्थी आहात का" विचारतात.

———

पेठेतला_पाहुणा:

घेतात. "अभ्यासिकेत बसतो" म्हणायचं, वय विचारत नाहीत. इथं पस्तिशीचे निम्मे आहेत. बायोडेटा बघतो, रात्री फोन करा.